नव्या टॅबमधला अनोळखी डेव्हलपर

ब्राउझरमध्ये नवा टॅब उघडल्यावर काय दिसावं, या एका प्रश्नावर आज डझनावारी एक्स्टेन्शन उभी आहेत. मोमेंटम डोंगरदऱ्यांचा मोठा फोटो लावतं आणि तुमचं नाव घेऊन सकाळच्या शुभेच्छा देतं. गूगल आर्ट्स अँड कल्चरचं एक्स्टेन्शन संग्रहालयातलं एखादं चित्र दाखवतं. डेली डॉट डेव्ह प्रोग्रामिंगवरच्या लेखांची यादी लावतं. याच कुळातला आणखी एक प्रकार आहे: टॅब उघडला की जगातला कुणीतरी एक डेव्हलपर. गिटहबवरचा त्याचा फोटो, नाव, दोन ओळींची ओळख, गाव, फॉलोअर्सचा आकडा आणि खाली चार-सहा रेपॉझिटरी. टॅब बंद करा, दुसरा उघडा; दुसरा माणूस.

एक्स्टेन्शनची समीक्षा म्हणजे सहसा 'हलकं आहे, मशीन स्लो करत नाही, पाचपैकी चार तारे' इतकीच असते. हा प्रकार मात्र वाचायचा असतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा तो तुमच्यासमोर एका माणसाचं छोटं वर्णन ठेवतो. कुणाचं वर्णन करावं, त्यात काय सांगावं आणि काय गाळावं, हे तर साहित्याचेच प्रश्न आहेत. म्हणून त्याला त्याच निकषांवर तपासायला हरकत नाही.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय. मग हे एक्स्टेन्शन तुमच्यासाठी नाहीच, कारण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. आमच्या वसमत तालुक्यातल्या बहुतेक पोरांचं इंटरनेट फोनवर सुरू होतं आणि बराच काळ फोनवरच राहतं. लॅपटॉप येतो तो इंजिनिअरिंगला गेल्यावर, कधी दुसऱ्या वर्षी, कधी कर्ज काढून. म्हणजे या खिडकीतून बघणारे कोण, हे आधीच ठरलेलं आहे. दिसणारे कोण, ते आता पाहू.

कल्पना चांगलीच आहे

आधी श्रेय देऊन टाकतो. आपल्याला आज इंटरनेटवर जे दिसतं, ते आपण काल काय पाहिलं यावरून ठरतं. फीड म्हणजे आपलीच सावली. तिच्यातून बाहेर पडायचे जुने रस्ते एकेक करून बंद झाले. स्टम्बलअपॉन नावाची साइट होती. बटण दाबलं की जगातलं कुठलंही पान समोर यायचं. ती २०१८ मध्ये बंद झाली. मराठी विकिपीडियावर 'अविशिष्ट लेख' ही लिंक अजून आहे आणि कंटाळा आला की ती दाबत बसणारे माझ्यासारखे काही लोकही अजून आहेत. नव्या टॅबमधला डेव्हलपर हा त्याच आनंदाचा नातेवाईक आहे: आपण मागितलं नव्हतं असं काहीतरी मिळण्याचा आनंद.

दुसरं श्रेय असं, की सॉफ्टवेअर माणसं लिहितात ही साधी गोष्ट तो आठवणीत ठेवतो. फोनमधल्या अ‍ॅपवर लेखकाचं नाव नसतं. पुस्तकावर असतं, सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही असतं. अ‍ॅप मात्र जणू कंपनीच्या इमारतीतून आपोआप बाहेर पडलेलं. अशा वेळी टॅबमध्ये एक चेहरा दिसणं आणि त्याखाली 'हे याने लिहिलं' असं असणं, याला किंमत आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तर जास्तच. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा हा जिल्हा. इथे डॉक्टर दिसतो, वकील दिसतो, आडत्या दिसतो, कृषी सेवा केंद्रवाला दिसतो. प्रत्येकाची पाटी आहे. सॉफ्टवेअरवाला दिसत नाही, कारण तो नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला शिकायला जातो आणि मग पुण्यातच राहतो. तो गावात दिसतो फक्त दिवाळीत आणि लग्नसराईत. अशा ठिकाणच्या अकरावीतल्या पोराला 'डेव्हलपर म्हणजे नेमका कोण' हे दाखवणारी खिडकी मिळाली तर चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, की खिडकी काय दाखवते.

'रँडम' हा शब्द कोण लिहितं?

या प्रकाराच्या जाहिरातीतला मुख्य शब्द 'रँडम' आहे. एक्स्टेन्शन टॅबचा ताबा कसं घेतं ते सोपं आहे: मॅनिफेस्ट फाइलमध्ये 'नवीन टॅबऐवजी माझं पान दाखव' अशी एक नोंद करायची, की ब्राउझर तसं करतो. अवघड भाग पुढचा. माणूस कुठून आणायचा?

गिटहबने जानेवारी २०२३ मध्ये दहा कोटी डेव्हलपरांचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं. या समुद्रातून एक थेंब उचलायला त्यांच्या एपीआयमध्ये 'रँडम' असं बटण नाही. तीन रस्ते उरतात.

पहिला रस्ता: खात्यांची क्रमवार यादी देणारी सोय वापरायची. ही यादी खातं उघडल्याच्या क्रमाने असते. मनाला येईल तो आकडा टाका, त्याच्या पुढचं खातं घ्या. खऱ्या अर्थाने चिठ्ठी टाकण्याच्या सर्वांत जवळचा रस्ता हाच. पण त्यातून जे समोर येतं ते बघवत नाही. फोटो नाही, नाव नाही, रेपॉझिटरी शून्य. कॉलेजच्या एका असाइनमेंटसाठी उघडलेली आणि पुन्हा कधीच न उघडलेली खाती. 'अविशिष्ट लेख' दाबतानाही हेच होतं. ज्ञानकोशातला एखादा रसाळ लेख मिळेल म्हणून दाबावं, तर 'हे अमुक जिल्ह्यातील तमुक तालुक्यातील एक गाव आहे' एवढ्यावर थांबलेला लेख हाती लागतो. खरा योगायोग बहुतेक वेळा कंटाळवाणा असतो.

कंटाळवाणा टॅब कुणी ठेवत नाही. म्हणून दुसरा रस्ता: सर्च. ज्यांचे फॉलोअर्स शंभराच्या वर आहेत, ज्यांची अमुक भाषा आहे, अशी अट घालायची आणि आलेल्या यादीतून एक उचलायचा. इथे गिटहबची आणखी एक मर्यादा आहे: कुठल्याही एका शोधातून जास्तीत जास्त पहिले एक हजारच निकाल मिळतात. म्हणजे अट साधी ठेवली तर दहा कोटींतले तेच ते हजार लोक आलटून-पालटून येतात. बहुतेक आधीच प्रसिद्ध असतात. ज्यांना सगळे ओळखतात त्यांचीच नव्याने ओळख करून देण्याचा हा कार्यक्रम.

तिसरा रस्ता: एक्स्टेन्शन बनवणाऱ्याने स्वतःच यादी तयार करायची, किंवा लोकांना आपापली नावं घालायला सांगायची. यात निदान खोटेपणा नाही. पण मग ते संपादित सदर झालं, चिठ्ठी राहिली नाही.

यात व्यवहाराचीही अडचण आहे. लॉगिन न करता गिटहबच्या एपीआयला तासाला साठच विनंत्या करता येतात. एका माणसाची माहिती दाखवायला यादी, प्रोफाइल आणि रेपॉझिटरी अशा तीन विनंत्या लागल्या, तर तासात वीस टॅब उघडले की पान रिकामं. मग बनवणारा काय करतो? आधीच काही माणसं साठवून ठेवतो. पुन्हा तेच: कुणीतरी, कधीतरी, निवड केली.

निवड करण्यात गैर काही नाही. मासिकाचा संपादकही निवडतो, पण त्याचं नाव छापलेलं असतं, आवडलं नाही तर त्याला पत्र लिहिता येतं. इथे संपादकाची जागा एका ओळीच्या अटीने घेतली आणि तिला 'रँडम' असं निष्पाप नाव दिलं. 'शंभराहून अधिक फॉलोअर्स' ही अट लिहायला दोन सेकंद लागतात आणि तिने किती जणांना दाराबाहेर ठेवलं ते टॅब उघडणाऱ्याला कधीच कळत नाही. माझी या प्रकाराविरुद्धची पहिली तक्रार ही आहे.

हिरवे चौकोन आणि बायोडाटा

दुसरी तक्रार प्रोफाइलविरुद्ध आहे. एक्स्टेन्शनने माणूस निवडला तरी त्याचं वर्णन ते स्वतः लिहीत नाही. गिटहबने आखलेला फॉर्म उचलून समोर ठेवतं. त्या फॉर्ममध्ये वर्षभराच्या हिरव्या चौकोनांचा तक्ता असतो. ज्या दिवशी काम केलं तो चौकोन हिरवा, जास्त केलं तर गडद. दिसायला छान आहे. पण तो काय मोजतो ते बघा. कमिट मुख्य शाखेत गेलं तरच धरलं जातं. फोर्कमध्ये पडून राहिलेलं धरलं जात नाही. कमिटमधला ईमेल खात्याशी जोडलेला नसेल तर तेही गळतं. खाजगी रेपॉझिटरीतलं काम तुम्ही स्वतः परवानगी दिली तरच, तेही तपशिलाविना दिसतं. आणि कंपनीचा कोड दुसऱ्याच सर्व्हरवर असेल, तर दिवसाचे दहा तास काम करणाऱ्या माणसाचा तक्ता उन्हाळ्यातल्या माळरानासारखा असतो.

पुण्यातल्या सर्व्हिस कंपन्यांत काम करणाऱ्या हजारो पोरापोरींचं हेच आहे. त्यांचा कोड परदेशातल्या बँकेत, विमा कंपनीत रोज चालतो. करारात लिहिलेलं असतं की तो कुठे दाखवायचा नाही. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न येतो: गिटहबची लिंक द्या. मलाही आला होता. लिंक उघडून दहा सेकंदांत 'अ‍ॅक्टिव्हिटी कमी आहे' असा निर्णय झाला. त्या दहा सेकंदांत एकही फाइल उघडली गेली नव्हती.

उलट बाजूने, हा तक्ता रंगवणं सोपं आहे. गिटमध्ये कमिटची तारीख आपण देऊ ती लागते. त्यामुळे मागच्या तारखा टाकून तक्त्यावर अक्षरं नाहीतर चित्रं काढणारी तयार साधनं आहेत. सलग किती दिवस काम केलं याचा आकडा गिटहब पूर्वी दाखवायचं. २०१६ मध्ये तो काढून टाकला. त्यानंतर काय झालं यावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आकडा गेल्यावर लांबलचक सलग मालिका मोडू लागल्या आणि शनिवार-रविवारचं काम कमी झालं. म्हणजे काही लोक सुट्टीच्या दिवशी बसत होते ते कामासाठी नव्हे, आकड्यासाठी. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्ट मिळवण्यासाठी इतक्या निरर्थक पुल रिक्वेस्ट आल्या, की आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून भाग घेतला आहे, तिथलंच काम धरलं जाईल. मोजमाप जे मागतं ते लोक देतात, मग ते कुणाच्या कामाचं असो वा नसो.

हा फॉर्म मला सर्वांत जास्त आठवण करून देतो ती लग्नाच्या बायोडाट्याची. फोटो, उंची, शिक्षण, नोकरीचं ठिकाण, 'स्वभाव मनमिळाऊ', 'निर्व्यसनी'. प्रत्येक वाक्य खरं असू शकतं आणि तरी माणूस त्यात नसतो. गिटहबच्या रीडमीत तसंच: 'पॅशनेट डेव्हलपर', 'नवीन शिकायला उत्सुक', येणाऱ्या तंत्रज्ञानांच्या रंगीत पट्ट्या. माझी प्रोफाइल एकदा मामांनी माझ्या खांद्यावरून पाहिली आणि विचारलं, "बाबू, ह्याच्यात पगार कुठं लिहिलाय?" त्यांना तो बायोडाटाच वाटला होता आणि त्यांचं वाचन बरोबर होतं.

शून्य स्टारचं एक काम

या फॉर्ममध्ये न मावणाऱ्या कामाचं एक उदाहरण देतो. माझ्या ओळखीच्या एका धाकट्या मित्राने हळदीच्या भावांसाठी एक स्क्रिप्ट लिहिली. हळद म्हणजे आमच्या जिल्ह्याचं नगदी नाव. हिंगोलीची आणि वसमतची बाजारपेठ त्यासाठीच ओळखली जाते. लागवड पावसाळ्याच्या तोंडावर, मग खोदणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, आणि शेवटी बाजारात नेण्याचा तो एक दिवस, ज्याच्यावर अख्ख्या वर्षाचा हिशेब असतो. त्याचे वडील सीझनमध्ये रोज आडत्याला फोन करून भाव विचारायचे. बाजारभाव सरकारी संकेतस्थळावर प्रसिद्ध होतातच. ते रोज संध्याकाळी उचलून, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन आकडे टेलिग्रामवर घरच्यांना पाठवायचे, एवढंच त्या स्क्रिप्टचं काम.

त्याची प्रोफाइल टॅबमध्ये आली तर काय दिसेल? फोटो नाही. ओळख रिकामी. गाव 'पुणे', कारण नोकरी पुण्यात आणि रिक्रूटर 'हिंगोली' शोधत नाही. फॉलोअर्स हाताच्या बोटांवर. स्टार शून्य. तक्त्यावर तीन दिवस हिरवे आणि मग महिनोन् महिने काहीच नाही. ते काहीच नसणं हेच त्या कामाचं यश आहे. जी गोष्ट नीट चालते तिला पुन्हा पुन्हा कमिट लागत नाही. एकदा संकेतस्थळाची रचना बदलली तेव्हा त्याने दोन ओळी दुरुस्त केल्या, पुन्हा शांतता. टॅबवरच्या फॉर्ममध्ये ही शांतता आळस म्हणून नोंदवली जाते.

गावाच्या रकान्याबद्दल आणखी थोडं. गिटहबवर तो मोकळा आहे, काहीही लिहिता येतं. काही जण गंमत म्हणून 'पृथ्वी' लिहितात, काही 'लोकलहोस्ट'. पण जिल्ह्याच्या पोरांसाठी तो गमतीचा रकाना नाही. 'हिंगोली' लिहिलं तर कोण बोलावणार, ही भीती खरी आहे. म्हणून सगळे 'पुणे' होतात. मग उद्या एखाद्याने खरंच चांगल्या हेतूने 'हिंगोलीचे डेव्हलपर दाखव' असं एक्स्टेन्शन केलं, तरी त्याला फार कुणी सापडणार नाही. जागा त्यांनीच पुसलेली असेल, आणि पुसायला याच फॉर्मने शिकवलेलं असेल.

चेहऱ्याचंही असंच. २०१७ मध्ये 'पीअरजे'त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने गिटहबवरच्या पुल रिक्वेस्ट तपासल्या. एकूणात बायकांच्या विनंत्या ७८.६ टक्के वेळा स्वीकारल्या गेल्या, पुरुषांच्या ७४.६ टक्के. पण ज्या प्रकल्पात त्या नवख्या होत्या आणि प्रोफाइलवरून त्या बाई आहेत हे कळत होतं, तिथे त्यांचं प्रमाण घसरलं. कोड आधी दिसला तर कोडाचा निवाडा होतो, चेहरा आधी दिसला तर चेहऱ्याचा. नव्या टॅबमध्ये सर्वांत मोठं काय असतं? फोटो.

नर्सी आणि औंढा

माणसाची ओळख कशी करून द्यावी, यावर आमच्या भागाकडे जुना अनुभव आहे. हिंगोलीजवळचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. ज्ञानेश्वरांचं चरित्र सांगणारी आदी, तीर्थावळी आणि समाधी ही अभंगांची प्रकरणं नामदेवांच्या नावावर आहेत. त्याच काळाच्या आसपास म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र रचलं. दोन्हींची रीत बघा. उंची, शिक्षण, गुणांची यादी नाही. प्रसंग आहेत. कुठे गेले, कोण भेटलं, काय म्हणाले, काय केलं. माणूस प्रसंगातून दिसतो, ही समज मराठीला इतकी जुनी आहे.

दुसरी गोष्ट सहीची. नामदेवांच्या अभंगांत 'नामा' ही मुद्रा असते. पण पुढच्या काळात विष्णुदास नामासारख्या इतर कवींनीही ती वापरली, आणि गाथेतले कुठले अभंग कुणाचे, यावर अभ्यासक अजून काम करतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांच्या घरात राबणारी जनाबाई तर स्वतःची सही 'नामयाची जनी' अशी करते. एकाच्या सहीत दुसरा माणूस. गिटमध्येही लेखकाचं नाव म्हणजे सेटिंगमध्ये टाइप केलेला मजकूर. कुणीही कुणाचंही टाकू शकतो. पण अभंग टिकले ते सही तपासून नव्हे, लोकांनी ते गायले म्हणून. कामाचा वापर हा कामाचा पहिला पुरावा असतो. नाव नंतर येतं, आणि कधीकधी एकट्याचं नसतंच.

तिथून फार लांब जायला नको. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनहूनही कितीतरी लहान फरक पडला तरी तो मोजायचा. असा फरक गोंगाटातून वेगळा काढण्याचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि त्यातलं पायसीबीसीसारखं बरंचसं सॉफ्टवेअर गिटहबवर सगळ्यांसाठी खुलं आहे.

गोंगाटातून संकेत शोधायची एक पद्धत म्हणजे साचे जुळवणं. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना लहर कशी दिसेल याचे हजारो नमुने आधी तयार करायचे आणि मिळालेल्या नोंदीवर एकेक ठेवून बघायचे. या पद्धतीच्या पायाभूत कामात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा शोधनिबंध आहे. साच्याशी जुळेल ते या पद्धतीने फार नेमकं सापडतं. न जुळणारं निसटण्याचा धोका असतो. म्हणून लायगोत दुसरीही शोधपद्धत सोबत चालते, जी विशिष्ट साचा गृहीत धरत नाही. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी काही वेगळं घडलं का, एवढंच बघते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत आली, तेव्हा ती सर्वप्रथम हेरली या दुसऱ्या पद्धतीने, तीन मिनिटांच्या आत. साच्यांनी तिची खात्री नंतर पटवली.

डेव्हलपर शोधणाऱ्या टॅबकडे फक्त साचे आहेत: फॉलोअर्स, स्टार, हिरवे चौकोन. दुसरी पद्धत नाहीच. साच्यात न बसणारं काम त्याच्या लेखी गोंगाट. आणि आणखी एक फरक. त्या पहिल्या लहरीच्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त लेखकांची नावं आहेत. टॅबमध्ये मात्र प्रत्येक वेळी एकच माणूस, एकच फोटो, जणू सॉफ्टवेअर एकेकट्याने होतं.

मग टॅबमध्ये काय असावं?

टीका केली की 'मग तूच करून दाखव' असं आमच्या क्षेत्रात लगेच म्हणतात. रास्त आहे. म्हणून चार बदल सुचवतो, चारही करता येण्यासारखे.

एक: माणसाच्या आधी कामाचा तुकडा दाखवा. एखादा नीट लिहिलेला कमिट मेसेज, सुटलेल्या एका अडचणीची चर्चा, वीस ओळींचं एक फंक्शन. नाव आणि फोटो क्लिक केल्यावर. लीळाचरित्राची रीत हीच आहे: प्रसंग आधी.

दोन: निवडीची अट टॅबच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहा. 'हा माणूस शंभराहून अधिक फॉलोअर्सच्या यादीतून आला' एवढं वाक्य पुरे. 'रँडम' हा शब्द मग आपोआप गळून पडेल.

तीन: दर काही टॅबमागे एक शून्य स्टारचं, पण चालू असलेलं काम आणा. बरेच कंटाळवाणे निघतील. निघू द्या. कंटाळा ही खऱ्या योगायोगाची किंमत आहे, आणि त्या किमतीत कधीतरी हळदीचे भाव घरी कळवणारी स्क्रिप्ट मिळते.

चार: ज्याला दिसायचं नाही त्याला नाव काढून घेता येऊ द्या. प्रोफाइल सार्वजनिक आहे हे खरं, पण चौकात उभं राहणं वेगळं आणि कुणाच्या दिवाणखान्यात भिंतीवर लागणं वेगळं. आज त्या टॅबमधल्या माणसाला आपण कुणाच्या स्क्रीनवर आलो हे कळतही नाही. ही भेट एकतर्फी आहे.

तर इन्स्टॉल करावं का? लॅपटॉप असेल तर आठवडाभर जरूर करा. अनोळखी नावं वाचायची सवय वाईट नाही. फक्त प्रत्येक टॅबला एकदा विचारा, याने केलंय काय. उत्तर पानावर नसेल तर एक रेपॉझिटरी उघडा, एक फाइल वाचा. दहा मिनिटं लागतील, मुलाखतीतल्या दहा सेकंदांपेक्षा जास्त. आणि ज्यांच्या हातात फक्त फोन आहे त्यांच्यासाठी: त्या पहिल्या गुरुत्वीय लहरीची नोंद लायगोने सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, ती उघडून बघायचे पायथनमधले धडे फोनच्या ब्राउझरमध्येही चालतात.

दिवाळीत गावी गेलो की कॉलेजातली पोरं फोन पुढे करतात आणि विचारतात, "दादा, प्रोफाइल कशी दिसायली?" मी त्यांना विचारतो, ह्यातलं कुठलं काम तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी वापरतं. बहुतेक गप्प होतात. एखादा म्हणतो, आमच्या घरी वापरतात, पण ते काही खास नाही दादा. त्याला मी बसवून घेतो आणि तेच दाखव म्हणतो.